सातवी फळी

वाव्रिनेत्स कौदेला.
पूर्ण नाव घेताना जीभ ठेचकाळते,
म्हणून आमच्या घरात तो नुसता 'पिंपवाला'.

बोहेमियातल्या एका डोंगराळ गावातून
विस्कॉन्सिनला आला, अठराशे एक्याऐंशीत.
एक वाकस, दोन रंधे,
आणि अंगावरचा कोट, जो त्याच्या भावाचा होता.
अपोलेना पुढच्या वर्षी आली,
पिसांची गादी पिंपात कोंबून.
सरोवराच्या काठावर उभी राहिली, बोट बुडवून चाखलं,
म्हणाली म्हणे,
"एवढं पाणी, आणि कुणी मीठच घातलं नाही!"

पिंपाला खिळा नसतो. सरसही नसतो.
हे मला आजोबांनी सांगितलं, तिसऱ्या ग्लासानंतर,
तेव्हा किती धरायचं ते तुम्ही ठरवा.
ओकच्या फळ्या, मध्ये रुंद, टोकांना निमुळत्या.
आत विस्तव पेटवायचा, वाकवायच्या,
वरून कडी ठोकत ठोकत खाली आणायची.
मग त्या एकमेकींना रेटूनच उभ्या राहतात,
एकीनं अंग काढलं की सगळ्या गेल्या.
आणि फटीत पाणकणसाची पात.

पात आणायचं काम पोरांचं.
रोझारा, व्हेंडेलिन, धाकटा बोहुमिल
दलदलीत मांडीपर्यंत.
रोझारा नव्वदीतही मोजा खाली करून
जळवांचे डाग दाखवायची.
तिथं काहीच नसायचं. आम्ही "अरे बापरे" म्हणायचो.

व्हेंडेलिन घटसर्पानं गेला. नऊ वर्षांचा.
त्या रात्री तो कंदील घेऊन कामावर बसला,
पोराची पेटी आपणच करायची म्हणून.
उजाडेपर्यंत चांगला ओक वाया गेला.
हाताला सरळ कड ठाऊकच नव्हती.
जे जोडायला जाई ते पोटात फुगायचं,
बिअर भरावी असं.
सकाळी तो रस्ता ओलांडून
ओटो ग्रुनवाल्ड सुताराच्या दारात गेला.
कुंपणावरून सहा वर्षं अबोला होता त्यांचा.
काय बोलले कोण जाणे.
दुपारी पेटी आली. पैसे घेतले नाहीत.
कुंपण होतं तिथंच राहिलं.

मग दारूबंदी आली, ब्रुअरीला कुलूप.
हिशेब अपोलेनाचा, भिंतीवर, खडूनं.
एका सोमवारी तिनं फडक्यानं 'बिअर' पुसलं
आणि 'कोबी' लिहिलं.
चौसष्टाव्या वर्षी तो आंबवलेल्या कोबीची पिंपं करू लागला.
"कोबीला काय कळतोय ओक!"
हे वाक्य आमच्याकडे अजून चालतं,
सून पसंत नसली की.

मी विमा विकते. माझ्या हातांना काही येत नाही.
त्याचं एकच पिंप उरलं होतं, माझ्या गॅरेजात, रंगाच्या डब्यांमागे.
पिंप रिकामं ठेवलं की सुकतं, सुकलं की कडी सैल होते.
मला माहीत होतं. तरी पाणी घातलं नाही.
गेल्या ऑगस्टात एका रात्री आवाज झाला,
कुणी पायरीवर बसकण मारावी तसा.
फरशीवर सत्तावीस फळ्या, कलिंगडाच्या फोडींसारख्या.

एकीच्या आतल्या बाजूला कोरलेलं होतं काही,
जिथं कोबीशिवाय कुणी वाचणार नव्हतं.
चेक मला येत नाही.
चर्चमधल्या मिसेस ह्लावाचोवांनी चष्मा लावला, वाचलं,
आणि हसायला लागल्या.

"सातवी फळी. अपोलेना म्हणते, गळेल."
खाली साल, एकोणीसशे तेवीस.
त्याच्याही खाली, दुसऱ्या हातानं, तिरकं,
बहुधा सुईनं:
"गळली."

म्हणजे म्हणून ते विकलं गेलं नव्हतं.
म्हणून ते माझ्यापर्यंत आलं.